नवी हेलन

सुरेखाबाई खांबेटे वयाच्या पासष्टाव्या वर्षी खोटं बोलायला लागल्या असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी ते मुळीच ऐकून घेतलं नसतं. त्यांच्या मते गोष्ट नेमकी उलटी होती. बेचाळीस वर्षं खोटं बोलून झाल्यावर त्या एकदाच खरं बोलल्या होत्या. ते खरं बोलायला त्यांना आयर्लंडमधल्या नावन गावात, मुलाच्या घरासमोर, कचऱ्याचा डबा ओढत उभं राहावं लागलं, यात त्यांचा काय दोष?

त्यांचा मुलगा सलील औषधांच्या कारखान्यात होता आणि सून स्वरूपा वैद्यकीय उपकरणांच्या. दोघांनी नावनला नवं घर घेतलं आणि "बघायला या" म्हणून आग्रह केला. २०२०च्या फेब्रुवारीत सुरेखाबाई आणि त्यांचे यजमान चंद्रहासराव येऊन दाखल झाले. घर एका दुपारीच बघून झालं. पुढे सगळ्या जगाला कुलूप लागलं, विमानं जमिनीवर बसली आणि महिनाभराचे पाहुणे कायमचे असल्यासारखे झाले.

चंद्रहासराव वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते. एकाहत्तर पूर्ण. तिथल्या सरकारने सत्तरीच्या पुढच्यांना सांगितलं, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, रेशमाच्या किड्यासारखं कोशात बसून राहायचं. त्याला ते 'ककूनिंग' म्हणत. इतकं स्वच्छ परिपत्रक चंद्रहासरावांना उभ्या नोकरीत कधी आलं नव्हतं. त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ताब्यात घेतली, मांडीवर सलीलचा आयपॅड ठेवला आणि अंमलबजावणी सुरू केली. सुरेखाबाई मात्र सत्तरीच्या आतल्या. त्यांना दोन किलोमीटरच्या आत हवं तितकं फिरायची मुभा होती. नवऱ्याच्या वाट्याला घर आणि बायकोच्या वाट्याला रस्ता, असं खांबेट्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

कचऱ्याच्या गाडीचा दिवस होता. सुरेखाबाई डबा ओढत फाटकापाशी आल्या तर पलीकडच्या बाजूला एक उंच, गुलाबी गालांची बाई कुत्र्याला घेऊन उभी. दोन मीटरचं अंतर राखून तिने हात हलवला.

"मी हेलन," ती म्हणाली. "बारा नंबरात राहते. आणि तुम्ही?"

सुरेखाबाईंना इंग्रजीची धास्ती नव्हती. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं होतं. 'सुरेखा' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि आतून भलतंच आलं.

"मीही हेलन," त्या म्हणाल्या. म्हणाल्या आणि हे कोण बोललं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"आणखी एक!" बारा नंबरची हेलन खूश झाली. "पोस्टात एक आहेच. आता तीन झालो. ग्रँड."

तिला आश्चर्य वाटलं नाही, याचंच सुरेखाबाईंना आश्चर्य वाटलं. त्या देशात त्यांच्या वयाच्या हेलन गल्लोगल्ली होत्या. या बाईने ना शिट्टी मारली, ना कंबर हलवून दाखवली, ना "खरं नाव सांगा" म्हणाली. डबा रस्त्यावर सोडून सुरेखाबाई घरात आल्या आणि चहात साखर घालायला विसरल्या.

त्यांचं ते खरंच नाव होतं. वाईला शाळेत इतिहास शिकवणाऱ्या श्रीराम आठल्ये मास्तरांना मुलगी झाली तेव्हा घरात कृष्णाबाई, गोदूबाई अशी नावं निघाली होती. मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मुलीचं नाव हेलन ठेवलं. आत्याने पाळण्यात बाळाच्या कानात ते सांगितलं खरं, पण घाबरत घाबरत. मास्तरांचं म्हणणं असं की ग्रीकांचा सेनापती सेल्यूकस चंद्रगुप्ताशी लढला, तह झाला आणि ग्रीकांकडची मुलगी आपल्याकडे सून म्हणून आली. लोक तिला हेलन म्हणतात. इतक्या लांबून नांदायला आलेल्या त्या मुलीच्या नावाची एक तरी मुलगी आपल्या घरात असावी.

मुलगी शाळेत गेली तोवर ठीक होतं. ती कॉलेजात पोचली तेव्हा मात्र त्या नावाची एकच बाई अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होती आणि ती पडद्यावर पिसं लावून नाचायची. हजेरीला 'हेलन आठल्ये' पुकारलं की मागच्या बाकावरून शिट्टी यायची. तरी तिने नाव सोडलं नाही. शिट्टी संपेपर्यंत ती थांबायची आणि मग शांतपणे "हजर" म्हणायची.

सोडलं ते लग्नात. चंद्रहासरावांचे वडील पत्रिका बघून म्हणाले, "आमच्या घरात हेलन? वरात निघाली की बँडवाला काय वाजवेल याचा विचार केलाय का?" थोरल्या सुनांची नावं सुलक्षणा आणि सुमती होती, तेव्हा ही सुरेखा. लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, गुरुजींनी खूण केली आणि नवरदेवाने बोटातल्या अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. अक्षर छान होतं. सगळ्यांना पेढे मिळाले, ताट आत गेलं आणि हेलन तिथेच संपली. घरात 'सु' अशी हाक आली की तिघी तरी यायच्या, नाहीतर एकही यायची नाही.

आणि नवरा? त्याने तर तेही नाव कधी घेतलं नाही. त्या पिढीतल्या नवऱ्यांना बायकोला नावाने हाक मारायची लाज वाटायची. चंद्रहासराव पहिल्या दिवसापासून "अगं" म्हणत आले होते. अगं चहा, अगं माझा चष्मा, अगं ऐकलंस का. सुरेखाबाई "अहो" म्हणायच्या आणि संसार बिनबोभाट चालायचा. दहाएक वर्षांनी कधीतरी त्यांना शंका आली, की ह्यांना आपलं पहिलं नाव आठवतं तरी का? विचारायचं त्यांनी ठरवलं आणि विचारलं नाही. "नाही" असं उत्तर आलं असतं तर पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

नावनमध्ये हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढून बसला. कारण आता हेलन रोज सकाळी बाहेर पडू लागली.

बॉइन नदीच्या काठाने एक वाट जाते. तिथे तिन्ही हेलन अंतर ठेवून, ओरडून बोलत चालायच्या. सुरेखाबाई हळू हसणाऱ्या, पदर सावरून बोलणाऱ्या. हेलन मात्र ठो ठो हसायची. तिने गुडघ्याखाली संपणारी पँट स्वरूपाकडून मागून घेतली. पोस्टातल्या हेलनच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल तिने नदीकाठी उभं राहून केली, तेव्हा पलीकडच्या काठावरचा मासे धरणारा माणूसही हसला. वसाहतीत कुणाला बरं नसलं तर फाटकावर चिवड्याची पिशवी अडकवून यायची. कांदाभजी केली तर अर्धी कुंपणावरून जायची. आता कथा सांगणाऱ्याचीच पंचाईत होते, की या बाईला कुठल्या नावाने हाक मारावी. सोय म्हणून घरात सुरेखाबाई आणि फाटकाबाहेर हेलन असं धरून चालू.

स्वरूपाला आठवड्याच्या आत कळलं. ती गाडीतून उतरत होती आणि समोरून कुणीतरी तिच्या सासूला "हेलन, उद्या दहाला" असं ओरडून गेलं.

"आई, हेलन कोण?"

"मी," सुरेखाबाई म्हणाल्या आणि मग ओट्यापाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

स्वरूपा ऐकत राहिली. तिच्या लग्नातही तांदळाचं ताट आलं होतं आणि ते सुरेखाबाईंनीच आणलं होतं. "स्वरूपाच लिहायचं, नाहीतर काही लिहायचं नाही," असं ती मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हा सासूबाई का हसल्या हे तिला आज समजलं.

"बाबांना सांगितलंत?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. सलीललाही नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. ह्यांनी लिहिलं ना माझ्या नावावर दुसरं नाव? मग ह्यांनीच आठवायचं. आपलं आपण. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"आणि नाहीच आठवलं तर?"

सुरेखाबाईंनी कढई घासायला घेतली. कढई स्वच्छच होती.

इकडे खिडकीजवळच्या खुर्चीत वेगळंच चाललं होतं. वसाहतीचं फेसबुकवर एक पान होतं. सलील ते कधी उघडत नसे, पण चंद्रहासराव ते सकाळचं वर्तमानपत्र असल्यासारखं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत. कुणाचं मांजर हरवलं, कुणी कुंपण रंगवलं, सगळं त्यांना ठाऊक. तिथे आताशा एक नाव सारखं येऊ लागलं होतं. आधीच्या दोन हेलनशी घोटाळा नको म्हणून लोक तिला 'नवी हेलन' लिहीत. फोटो कुणी टाकत नव्हतं. केस कापायची दुकानं बंद होती आणि बायकांना आपले वाढलेले केस जगाला दाखवायचे नव्हते.

"ही नवी हेलन बघ," चंद्रहासराव एक दिवस म्हणाले. "चौदा नंबरच्या म्हाताऱ्याची औषधं आणून दिली म्हणे. नुकतीच राहायला आली असेल. अशी माणसं पाहिजेत."

सुरेखाबाई भाजी निवडत होत्या. "हो का?" त्या म्हणाल्या.

"नाहीतर तू. बेचाळीस वर्षं पुण्यात राहिलीस, शेजारच्या जोशांकडे कधी स्वतःहून गेलीस?"

"तुम्ही जोशांशी भांडला होतात."

"तो मुद्दा नाही."

दुसऱ्या आठवड्यात भज्यांची बातमी आली. चंद्रहासरावांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. "अगं, ही बाई कांदाभजी करते. आयरिश बाई! कुणी शिकवली असतील तिला?"

"मी."

"तरीच. मी म्हटलंच." त्यांनी आणखी खाली वाचलं. "पण तुझ्यापेक्षा बऱ्या करत असणार. सगळे गॉर्जस गॉर्जस म्हणतायत. तू जरा तेल जास्त ठेवतेस."

स्वरूपा ताबडतोब दुसऱ्या खोलीत निघून गेली आणि तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. करोनाच्या दिवसांत तो आवाज ऐकून चंद्रहासराव घाबरले आणि त्यांनी तिला वाफ घ्यायला लावली.

मे महिन्यात सरकारने ज्येष्ठांना फिरायला परवानगी दिली. चंद्रहासरावांनी ती मानली नाही. आधीचं परिपत्रक रद्द झाल्याचं कुठे नीट लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ते खुर्चीतच राहिले आणि हेलनची कीर्ती वाढत गेली. ती पाच किलोमीटर चालते, ती मोठ्याने गाते, तिने बागेत कोथिंबीर लावली. "तिचा नवरा भाग्यवान आहे," ते एकदा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "अर्थात, तो काय करतो काही कळत नाही. त्याचं नाव कुठेच येत नाही."

"असेल घरात बसून," सुरेखाबाई म्हणाल्या.

सुरुवातीला हे सगळं त्यांना गमतीचं वाटलं. पण जूनच्या शेवटी त्यांना रात्रीचं जेवण जाईना. आपल्याच नवऱ्याला दुसरी बाई आवडायला लागली आहे आणि ती दुसरी बाईही आपणच आहोत, याचा राग नक्की कुणावर काढायचा ते कळेना. हेलनचं कौतुक करताना चंद्रहासरावांचे डोळे चमकायचे. मग मान वळवून ते "अगं, पाणी" म्हणायचे.

जुलैत सलीलने बातमी आणली. भारतात जाणाऱ्या खास विमानात दोन जागा मिळाल्या होत्या. घरात बॅगा निघाल्या. हेलनने नदीकाठी दोघींना सांगितलं. बारा नंबरची हेलन मिठी मारायला धावली, अंतर आठवून थबकली आणि तिने आपल्या कुत्र्यालाच घट्ट मिठी मारली. संध्याकाळी फेसबुकच्या पानावर जाहीर झालं की शनिवारी दुपारी वसाहतीच्या हिरवळीवर नव्या हेलनला निरोप द्यायचा, प्रत्येकाने आपली खुर्ची आणि आपला चहा आणावा.

चंद्रहासरावांना धक्का बसला. "हीसुद्धा चालली? ज्या शनिवारी आपण आवराआवर करणार, त्याच शनिवारी?"

"बाबा," स्वरूपा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुम्हीच का नाही दोन शब्द बोलत? इतकं वाचलंय तुम्ही तिच्याबद्दल."

सुरेखाबाईंनी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. सुनेने ते पाहिलंच नाही. वीज मंडळात निरोपसमारंभाची भाषणं चंद्रहासरावांकडेच असत. ते कामाला लागले. हेलन या नावाचा इतिहास त्यांनी इंटरनेटवरून खणून काढला आणि शुक्रवारी जेवणानंतर बायकोला समोर बसवून रंगीत तालीम घेतली.

"हेलन. प्राचीन ग्रीक नाव. अर्थ नक्की नाही, काही जण मशाल म्हणतात, काही नुसताच उजेड. पहिली हेलन ट्रॉयची. ही बाई घरातून गेली आणि तिच्यासाठी हजार जहाजं निघाली. आता मला सांग, नवरा काय करत होता? बायको घरातून जाते आणि याला पत्ता नाही?"

"माणसं असतात तशी."

"दुसरी, रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याची आई. म्हातारपणी, तुझ्यापेक्षाही मोठी असताना, जेरुसलेमला गेली. तिथे तिने येशूचा क्रूस शोधून काढला अशी श्रद्धा आहे. पुढे संत झाली. म्हणजे बघ, या वयातही बाई काही करू शकते." त्यांनी कागद उलटला. "तिसरी, सेल्यूकसची मुलगी. चंद्रगुप्ताची राणी. त्या तहात चंद्रगुप्ताने सासऱ्याला पाचशे हत्ती दिले."

"तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांकडून स्कूटर घेतली होती."

"मध्ये बोलू नकोस. तर ही मुलगी इतक्या लांबून नांदायला आली..." ते थांबले. कागदावर पुढे काही नव्हतं. "गंमत आहे. तिचं नाव हेलन होतं असं कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडत नाही म्हणे. नावच नाही तिचं."

"सासरी आल्यावर बदललं असेल," सुरेखाबाई म्हणाल्या. "तांदळात."

चंद्रहासराव काहीतरी शोधत असल्यासारखे छताकडे बघत होते. "पण मला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. कुणीतरी सांगितली होती. पोहे खात होतो मी. कोण बरं?" त्यांनी टिचकी वाजवली. "तुझे वडील! मुलगी बघायला आलो तेव्हा. चंद्रगुप्त, सेल्यूकस, सगळं सांगितलं होतं त्यांनी."

पुसायला घेतलेला पोळपाट सुरेखाबाईंच्या हातात तसाच राहिला. श्वाससुद्धा जपून घ्यावा असं त्यांना वाटलं. आता एकच पाऊल. पुढचं सगळं यांच्या हातात होतं.

"काय त्यांना त्या हेलनचं एवढं होतं, कोण जाणे," चंद्रहासराव म्हणाले आणि कागदाची घडी घालून झोपायला गेले.

सुरेखाबाई ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. स्वरूपा येऊन नुसती शेजारी उभी राहिली. "उद्या मी जातच नाही," सुरेखाबाई म्हणाल्या. "सांग त्यांना, हेलनला बरं नाही."

"हेलन येईल," स्वरूपा म्हणाली. "सुरेखाला बरं नसलं तर तिने घरी थांबावं."

शनिवारी ऊन पडलं. नावनमध्ये ऊन पडलं की लोकांना ते वाया घालवणं पाप वाटतं, त्यामुळे सगळी वसाहत हिरवळीवर होती. दोन-दोन मीटरवर खुर्च्या मांडलेल्या. हेलन आधीच जाऊन तिच्या मैत्रिणींच्या मध्ये बसली होती. चंद्रहासराव सलीलबरोबर निघाले. मार्चनंतर पहिल्यांदाच त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत होतं. टाय, मास्क, हातमोजे आणि वर टोपी. लोकांना त्यांचे फक्त डोळे दिसत होते आणि ते उन्हाने मिचमिचत होते.

त्यांनी कागद उघडला, मास्क खाली घेतला आणि इंग्रजीत सुरुवात केली. "बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वप्रथम, आपल्यापैकी हेलन कोण?"

तीन हात वर झाले.

चंद्रहासरावांनी तिन्ही हात पाहिले. पहिला हात गुलाबी होता. दुसराही गुलाबी. तिसऱ्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या त्यांनीच केल्या होत्या.

"जी निघाली आहे ती," त्यांनी खात्री करून घेण्यासाठी विचारलं. दोन हात खाली गेले.

मागून सलीलचा "आई?" असा आवाज आला आणि स्वरूपाने त्याचा दंड धरला. बाकी हिरवळीवर कुणीच बोललं नाही. आयरिश माणसं बोलायची थांबली की काहीतरी मोठं घडतं आहे असं समजावं. चंद्रहासराव बायकोकडे बघत होते. गुडघ्याखाली संपणारी पँट, वाऱ्याने विस्कटलेले केस, वर धरलेला हात. हजेरीला धरावा तसा तो हात तिने तसाच वर ठेवला होता. शिट्टी संपेपर्यंत थांबायची तिला सवय होती.

त्यांचे ओठ हलले. आधी आवाज आला नाही. मग आला, आणि मराठीत आला.

"हेलन श्रीराम आठल्ये," ते म्हणाले.

"हजर," ती म्हणाली आणि तिने हात खाली घेतला.

चंद्रहासरावांनी भाषणाचा कागद खिशात घातला. ट्रॉय, जेरुसलेम, पाचशे हत्ती, सगळं तिथेच राहिलं. "या बाईंबरोबर मी बेचाळीस वर्षं राहतो," ते लोकांना म्हणाले, "पण आमची ओळख झालेली नाही. आमच्याकडे लग्नात नवरा तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. मी लिहिलं. आधी काय होतं ते मला माहीत होतं. मी कुणाला काही म्हटलं नाही. मी स्वतःलाही काही म्हटलं नाही. मग तुम्ही विसरता. सोपं असतं."

"आणि त्या तांदळाचं काय झालं?" बारा नंबरच्या हेलनने विचारलं.

चंद्रहासरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बहुतेक भात."

"देवा रे," ती पोस्टातल्या हेलनला म्हणाली, "या बाबाने हिचं नाव शिजवून खाल्लं."

सगळी हिरवळ हसली. चंद्रहासरावही हसले. ते चालत बायकोच्या खुर्चीपर्यंत आले, सवयीने दोन मीटरवर थांबले, मग घरच्या माणसाला अंतर लागू नाही हे आठवून आणखी पुढे आले. त्यांनी हातमोजा काढला.

"मी चंद्रहास," ते म्हणाले.

"मी हेलन," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठे येत नाही फारसं."

"घरात बसून असतो," ते म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ चहा झाला. चंद्रहासरावांनी समोर आलेली भजी खाल्ली आणि तेलाबद्दल काहीही बोलले नाहीत. संध्याकाळी दोघं घरी आले. बॅगा अर्ध्या भरून पडल्या होत्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, त्यांनी बूट काढले आणि आयपॅड मांडीवर घेतला.

"अगं," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून काही उत्तर आलं नाही.

"अगं, ऐकतेस का?"

नळाचा आवाज आला आणि बंद झाला. सलीलने स्वरूपाकडे पाहिलं. स्वरूपाने ओठांवर बोट ठेवलं. मग चंद्रहासरावांनी घसा साफ केला. मुलासमोर, सुनेसमोर, उभ्या जन्मात जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढायला त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला.

"हेलन," त्यांनी हाक मारली.

"ओ," ती लगेच म्हणाली. तिच्या हातात बूट होते. बाहेर फाटकापाशी दोघीजणी आणि एक कुत्रा उभे होते. "काय हवंय?"

"चहा."

"पत्तीचा डबा प्रेसमध्ये आहे, म्हणजे कपाटात, डाव्या हाताला," हेलन म्हणाली. "झाला की माझाही झाकून ठेवा. मी फिरून येते."